दारात उभी केलेली बाई

चित्र दाखवणाऱ्याने चित्राच्या समोर उभं राहायचं नसतं, बाजूला उभं राहायचं. लोक आले की लगेच बोलायला लागायचं नसतं. आधी विचारायचं, "काय दिसतं?" आणि मग गप्प बसायचं. समोरची शांतता कितीही लांबली तरी आपण ती मोडायची नाही. माझ्या कामाचं निम्मं शिक्षण एवढंच आहे, आणि ते मला जड गेलं नाही. मी मुळात कमी बोलणारी. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की अजूनही तळहात ओले होतात. "गप्प बसायचा पगार घेते आमची मुलगी," असं बाबा पाहुण्यांना सांगतात. त्यात फारसं खोटं नाही.

जव्हारमधल्या एका छोट्या खासगी संग्रहालयात मी काम करते. कागदावर माझं पद 'दर्शक सहायक' आहे. गावात 'फोटोवाली मॅडम' म्हणतात. बाहेरच्या दालनात फुंकून वाजवायचे तारपे, धान्याच्या कणग्या, मासे धरायचे बांबूचे सापळे आणि पितळी भांडी आहेत. आतल्या खोलीत थोडी तैलचित्रं आहेत. फार पूर्वी कुणा हौशी श्रीमंताने ती विलायतेहून आणली. ती इथे डोंगरात कशी पोचली याबद्दल ज्याला विचारावं तो वेगळी गोष्ट सांगतो, म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

बाबांचा पाडा मोखाडा तालुक्यातला. ते शिक्षक झाले, नाशिकला बदली झाली, आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची झाली. चित्रांचा अभ्यासही मी इंग्रजीतूनच केला. माझी मराठी घरात शिकलेली आणि पुढे पुस्तकांवरून दुरुस्त केलेली. आश्रमशाळेतली मुलं ती ऐकून एकमेकांना कोपर मारतात. पाड्यावरची बोली मला पूर्ण समजते, बोलताना मात्र जीभ अडखळते. इथे ती मला जमली तशी लिहिली आहे. चूक असेल तर माझी.

आतल्या खोलीतलं एक चित्र लोक सगळ्यात जास्त वेळ बघतात. इंग्लंडमधल्या खेड्यातलं, गवताने शाकारलेलं एक घर. चित्राला दोनशे वर्षं होत आली. चित्रकार कोण ते माहीत नाही, कोपऱ्यातली सही रंगात बुडाली आहे. चौकटीवरच्या पितळी पट्टीवर गावाचं नाव आहे. चित्र काढलं तेव्हाही ते घर फार जुनं होतं आणि त्या मुलुखात प्रसिद्ध होतं, असंही त्या पट्टीवर कोरलंय. छप्पर मधोमध बसलेलं, त्यावर हिरवे पट्टे. बाजूला एक मोठं झाड घरावर झुकलेलं. मागे संध्याकाळचा पिवळा उजेड. दारात पांढरी टोपी घातलेली एक बाई, एक हात चौकटीला. तिच्या मागे, घराच्या आत, नुसता काळा रंग.

ज्यांनी अशी चित्रं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्या काळात त्या देशात गिरण्या वाढत होत्या, माणसं खेडी सोडून शहरात जात होती. शहरातल्या पैसेवाल्यांना आपल्या दिवाणखान्यात खेड्यातली घरं हवीशी वाटायला लागली. अर्थात रंगवलेली. चित्रकार वही घेऊन गावोगाव हिंडायचे, तिथे उभ्याउभ्या रेखाटन करायचे आणि मोठं चित्र घरी बसून पुरं करायचे. सरळ भिंतीचं, नवं, स्वच्छ घर त्यांना नको असायचं. वाकलेलं, शेवाळलेलं, ढासळत आलेलं घर हवं असायचं. या पसंतीला त्यांच्या भाषेत एक खास शब्द होता. मराठीत मला तसा सापडला नाही. मी 'चित्रात शोभेल असं' म्हणते. काही चित्रकार सरळ छप्परसुद्धा चित्रात वाकवून घ्यायचे.

"काय दिसतं?" या प्रश्नाला या चित्रासमोर मला काय काय उत्तरं मिळाली आहेत! एक निवृत्त तलाठी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"माहीत नाही, काका."

"मग चित्र अपुरं आहे," असं म्हणून ते तारप्यांकडे गेले.

ठाण्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, "किती शांत! इथेच जाऊन राहावंसं वाटतं." त्यांचे यजमान मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "पहिल्या रात्री संडास विचारशील." आश्रमशाळेची सहल आली तेव्हा सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, हिचा नवरा कामाला गेलाय का?"

"कुठे गेला असेल?"

"भिवंडीला."

सगळा वर्ग हसला. दोन-तीन मुलं हसली नाहीत, चित्राकडेच बघत राहिली. त्यांना पुढे काही विचारावंसं मला वाटलं नाही.

आमच्या संग्रहालयाच्या विश्वस्तांपैकी रोज येणारे एकटे भोये सर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जन्म याच तालुक्यातल्या पाड्यावर, कारवीच्या काड्या मातीने लिंपून केलेल्या कुडाच्या घरात. ते नोकरीनिमित्त विदर्भात असताना भावांनी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि मग फोन करून कळवलं. सरांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही एखाद्या कालव्याचं काम पुरं झालं असं सांगावं तसं. पण जीपमधून जाताना एखादं गवती छप्पर दिसलं की ते बोलता बोलता थांबत.

असं एक तरी घर राखायचं, हे त्यांनी मनात घेतलं होतं. संग्रहालयात मांडलेलं नको, जागेवर उभं असलेलं हवं, माणसं राहतात असं. लोकांनी तिथे जाऊन बघावं, आणि घरातल्यांना त्याचा मोबदला मिळावा. दाभोशाच्या धबधब्याच्या बाजूला, रस्ता सोडून थोडं चालत गेल्यावर असं घर त्यांना सापडलं. लखमीबाईचं. मी त्यांना लखमीकाकी म्हणते. काकी आणि त्यांची सून रंजना तिथे राहत. मुलगा वसईकडे बांधकामावर, लोकांच्या इमारतींचे स्लॅब टाकायला. पाड्यातली बाकीची घरं कौलांची, पत्र्याची किंवा घरकुलाची झाली होती. हे एकच उरलं होतं, पण त्याचं कारण परंपरेवरचं प्रेम नव्हतं. घरातला कर्ता पुरुष लवकर गेला आणि सरकारी घरकुलाचा नंबर उशिरा लागला, एवढंच.

आता तो नंबर लागला होता. अडचण जागेची होती. आजूबाजूला खडकाळ उतार, त्याखाली दुसऱ्यांची भातखाचरं. सपाट जागा घराखाली होती तेवढीच. घरकुल बांधायचं तर जुनं घर उतरवावं लागणार. पावसाआधी पाया निघाला नाही तर मंजुरी परत जाईल आणि पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, असं ग्रामसेवकांनी बजावलं होतं. भोये सरांनी त्यांना महिनाभर थांबायला सांगितलं. सरांचा शब्द तालुक्यात मानतात. ते थांबले.

आदल्या पावसात त्या घराची मागची भिंत निजलेल्या सासू-सुनेच्या उशाशी कोसळली होती. उरलेला पाऊस दोघींनी शेजाऱ्यांच्या गोठ्यात काढला. आता रंजनाला दिवस गेले होते.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. काकींनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. भोये सरांनीही ते मनावर घेतलं. "मागची भिंत आपण नवी करून देऊ," ते म्हणाले. "कारवीचीच. जशी होती तशी."

काकी म्हणाल्या, "जशी व्हती तशीच पडल ना मंग."

पुढच्या खोलीत रंजनाच्या लग्नातला चौक होता. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला. इथे चौक काढला असं म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात. लग्नात सवाशिणी तो लिहितात, देवीला त्यात बसवतात, गाणी होतात, लग्न लागतं. नंतर त्याच भिंतीशी चूल पेटते, धूर बसतो, पोपडे सुटतात. देवीचा चौकोन अजून ओळखू येत होता. बाजूची माणसं-झाडं अर्धी गळून गेली होती. भोये सर त्यासमोर हात जोडून उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नाशिकहून पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड पत्रा आणला आणि चौकावर चारी बाजूंनी ठोकून बसवला. चौक आता सुरक्षित झाला, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. संग्रहालयात आम्ही हेच करतो. जे नाजूक असतं त्याच्यापुढे काच लावतो.

पण ती भिंत मातीची, आणि हातभर अंतरावर चूल. भाताच्या पेजेची वाफ पत्र्यामागे शिरली आणि तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही. पुन्हा गेलो तेव्हा पत्रा आतून घामेजलेला होता. सरांनी खिळे काढले. पत्रा बाजूला केला तशी भिंतीची फुगलेली साल त्याच्याबरोबरच आली. पांढऱ्या रेघा सगळ्या प्लॅस्टिकला चिकटल्या, उलट्या. भिंतीवर नुसता ओला गेरू.

सर तो पत्रा दोन्ही हातांत धरून तसेच उभे होते. कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. रंजना चुलीपाशी पदर तोंडावर घेऊन बसली होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही. काकी पुढे आल्या.

"ऱ्हाव द्या, साहेब. तो लगनाचा चौक. लगन झाला तवाच त्याचा काम झाला."

"पण तुमच्या सुनेच्या लग्नाची एवढी एक खूण होती, लखमीबाई."

काकींनी रंजनाच्या पोटाकडे बोट दाखवलं. "खून ती काय, व्हतेच हाय."

पत्रा सरांनी जीपच्या टपावर बांधून आणला. जव्हारात उतरताना म्हणाले, "त्यांना किंमत कळत नाहीये. आपण नीट सांगितलं नाही. त्यांना इथे आणू. ते घराचं चित्र दाखवू. साध्या घराला दोनशे वर्षं लोक चौकटीत जपतात, हे बघितलं की कळेल. तू समजावून सांग. ते तुझं कामच आहे."

मी मान हलवली. मला त्यांचा राग आला नव्हता. ज्याचं घर फोनवर गेलं, त्याने दुसऱ्याच्या घरात जीव अडकवला होता. पण महिना संपत आला होता आणि उन्हं करपवायला लागली होती. पायाचं काम आता सुरू झालं नसतं तर पावसाआधी झालंच नसतं.

सरांनी पाठवलेल्या जीपमधून काकी आल्या. बरोबर रंजना आणि शेजारच्या दोन बाया. चौघींनी चपला बाहेर काढल्या. नको म्हटलं तरी काढल्या. बाहेरच्या दालनात कणगी बघून एक बाई दुसरीला म्हणाली, "ही आपल्याकडं उंदरांनी खाल्ली, हितं काचेत ठेवली." मग सगळ्या आत आल्या.

मी चित्राच्या बाजूला उभी राहिले. "काय दिसतं?"

शांतता. भोये सर खिडकीशी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. त्यांना माझी ही पद्धत कधीच आवडली नाही.

"घर," एक शेजारीण म्हणाली, आणि बाकीच्या खुदकन हसल्या.

"गोठा नाय दिसत."

"पानी कठना आनतात कोन जाने."

काकी चित्राच्या अगदी जवळ गेल्या. नाक टेकेल इतक्या. मग मागे येऊन मला म्हणाल्या, "बाय, ही दारात कसाला उभी हाय?"

हे उत्तर मला पाठ होतं. मी म्हटलं, "चित्रकाराने तिला तिथे ठेवली आहे, काकी. शेजारी माणूस असलं की घर केवढं आहे ते कळतं. आणि घर रिकामं वाटत नाही."

"म्हंजे त्याना तिला उभी केली."

"हो. बहुतेक."

"मना बी उभी केली व्हती."

आवाज चढला नाही, उतरला नाही. चित्राकडे बघतच त्यांनी सांगितलं. त्या तेव्हा बाळंतपणासाठी वावरकडे माहेरी होत्या. ज्या साली वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं दगावली, तेच ते साल. इथे त्या सालाचं नाव कोणी घेत नाही. 'त्या वरसाला' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

"माझी पोर आदल्या दिसाला गेली. मी आत बसलेली. मंग गाड्या आल्या. डाक्टर आला, साहेब आलं, पेपरवालं आलं. एकाकडं फोटूची मिशीन व्हती. तो बोलला, आत काळोख हाय, फोटू येत नाय. दारात ये. मी आली. पदर नीट घेतला त तो बोलला, नको, व्हता तसाच ऱ्हाव दे."

रंजना सासूकडे बघत होती. तिलाही हे नवं असावं.

"मंग बोलला, पोराला घे. माझी पोर त नव्हती. शेजारनीचा पोर माझ्या हातात दिला. हात असा लाव बोलला." काकींनी हात उचलून चौकटीला लावल्यासारखा धरला आणि खाली घेतला. "मी लावला."

"का लावला, काकी?" मी विचारलं. असं विचारायला नको, हे तोंडातून गेल्यावर कळलं.

"त्याचा डोला भरला व्हता, बाय. चांगला मानूस व्हता तो. रडत व्हता नि फोटू काढत व्हता. त्याला नाय कसा म्हनायचा?"

बाहेरून जाणाऱ्या एसटीचा आवाज आला आणि गेला.

"तो फोटू मी नाय बघला. कठं तरी भितीवं असल." काकींनी चित्रातल्या बाईकडे बोट केलं. "हिना बघला का हिचा?"

"माहीत नाही, काकी. ही चित्रं लांब शहरात विकली जायची. नसेल बघितलं."

"नसलच."

भोये सर खिडकीपासून पुढे आले. चेहरा उतरला होता, पण माणूस सहजासहजी मागे हटणारा नव्हता. मला म्हणाले, "ते वेगळं गं. ते दुःखाचं होतं. तू यांना घराविषयी सांग. या घराचं सौंदर्य सांग. हे घर आज तिथे नसेलही, पण चित्र आहे म्हणून आपण ते बघतोय."

ते सगळं मला येत होतं. पिवळा उजेड, छपराची वळलेली रेघ, हिरव्या पट्ट्यांनी डोळ्यांना येणारा गारवा. आलेल्या प्रत्येकाला मी ते सांगत आले होते. मी छपराकडे बघितलं. कित्येक दिवस रोज बघितलेलं छप्पर.

"सर, हे हिरवं शेवाळ आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटत होता. "एवढं शेवाळ म्हणजे छपरात पाणी मुरतंय. मधे वाकलंय ते कुजल्यामुळे. आत ओल असणार."

"तेच तर चित्राचं सौंदर्य आहे."

"हो सर. बाहेरून."

माझे तळहात ओढणीला पुसावे लागले. मग सर काकींना म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. "लखमीबाई, तुमचं घर उतरवलं की असं एकही उरणार नाही. आपल्या नातवंडांना दाखवायलासुद्धा नाही."

"मंग तुमीच या ना ऱ्हायला, साहेब," काकी म्हणाल्या. "तुमच्या बाईला बी आना. शेन-माती करतील ना त्या?"

शेजारणी पदरात हसल्या. रंजनाही. सरांनाही हसू आवरलं नाही. "तिला कुठलं जमायला? तिचे गुडघे गेलेत."

"मना बी आता नाय जमत."

सर हसायचे थांबले. "तुम्हाला काय पाहिजे, ते एकदा सरळ सांगा."

"मना पावसात निजायला पायजे."

एवढंच. चित्राकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. सर व्हरांड्यात गेले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी ग्रामसेवकांना फोन लावला. "मी थांबवलं होतं ते... हो, दाभोशाकडचं. काढू द्या पाया. नाही, आमचं काही नाही. संस्थेचं काही नाही त्यात." फोन ठेवल्यावर ते बाकावर बसले. चौघी चपला घालून त्यांच्यासमोरून गेल्या तेव्हा ते उठून उभे राहिले.

घर उतरवायच्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. सरांनी माझ्याकडे एकच काम दिलं होतं, सुरुवात व्हायच्या आधी एक फोटो. माझ्या हातात कॅमेरा दिसताच काकी घराच्या मागे निघून गेल्या. मी त्यांना हाक मारली नाही. दारात कोणी नसलेला फोटो काढला. चित्राच्या नियमाने बघाल तर तो फसलेला आहे. घर केवढं होतं ते त्यावरून कळत नाही.

मग पाडा कामाला लागला. घर उभारायला सगळे येतात तसे उतरवायलाही येतात. मजुरी कोणी घेत नाही, घरधनी जेवण घालतो. वरून गवताच्या पेंढ्या पडत गेल्या, वासे सुटले, खांब उपटले. धड निघाले ते गोठ्यासाठी बाजूला रचले. कुडाची कारवी तीन दगडांच्या चुलीत गेली आणि तिच्यावर सगळ्या पाड्याचा भात आणि उडदाची आमटी शिजली. दुपारपर्यंत जागा सपाट झाली. भोये सरांनी बूट काढून पँट दुमडली होती. खांब ओढणाऱ्यांत तेही होते. मग पंगतीत बसून जेवले. त्यांचे डोळे लाल झाले होते. धुराने, असं ते म्हणाले. धूर होताही.

संग्रहालयातल्या त्या चित्राखालची पाटी मी नंतर नव्याने लिहिली. पूर्वीच्या पाटीत शांत ग्रामजीवन वगैरे होतं. आता चित्र कोणत्या काळातलं, कोणासाठी काढलेलं, छपरावर काय आहे, ते आहे. शेवटी एक वाक्य आहे: 'दारातल्या स्त्रीचं नाव कोणी नोंदवलेलं नाही.' मी त्यात 'दुर्दैवाने' असा शब्द घातला होता. भोये सरांनी पाटी वाचून तेवढा एक शब्द काढला. तो काढायलाच हवा होता.

भाद्रपदात मी काकींकडे गेले. या वेळी कामाने नव्हे. स्लॅब टाकून झाला होता, गिलावा व्हायचा होता. रंजनाला मुलगी झाली होती, ती काकींच्या मांडीवर. घर फार देखणं नाही. दुपारी तापतं. "भट्टी व्हते," काकी म्हणाल्या. "तवा जुना घर आठवतो."

"मग?"

"मंग काय! दुपारची आठवन. सांज झाली का जाते."

समोरच्या भिंतीत खिडकी नव्हती. होती ती मागच्या भिंतीत, उताराकडे. मुलगा आणि गवंडी दोघंही म्हणत होते, खिडकी पुढे शोभेल. काकींनी ऐकलं नव्हतं.

"पुढना कसाला?" त्या मला म्हणाल्या. "पुढना समदी आमाला बघतात. मना मागना बघायचा व्हता."

मी जाऊन बघितलं. खाली खाचरांत भात पोटरीला आला होता. पलीकडच्या डोंगरावरून पाऊस सरकत येत होता आणि एकेक खाचर पुसत होता. तो आमच्यावर आला तेव्हा एवढा आवाज झाला की काकींचं बोलणं ऐकू येईना. पाणी खिडकीच्या कठड्यावर उडायला लागलं तशी मी खिडकी लोटली. कोपऱ्यात रंजना निजली होती. आवाजाने तिने डोळे अर्धे उघडले, छताकडे बघितलं, आणि कूस बदलून पुन्हा झोपली.